डाव्या बाजूचा रस्ता

आमची गाडी पहिल्यांदा घासली ती आमच्याच फाटकाला. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर ओरखडा नव्हता. त्या दिवशी संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर हे गाडी आत घेत होते आणि डावीकडचा आरसा खांबाला लागून वायरवर लोंबकळायला लागला. मी पायरीवर उभी होते. ह्यांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, आरशाकडं न बघता आधी खांबाकडं बघितलं आणि म्हणाले, "खांब कलंडलाय."

ते खरंही होतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. गारखेड्यातली आमच्या प्लॉटची जमीन काळी. पाणी नसलं की आकसते. अंगणात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या आणि गल्लीतली निम्मी फाटकं वाकडी झाली होती. गवंड्याला बोलावलं. त्यानं ओळंबा सोडून बघितला तर खांब बोटभर कललेला निघाला. आम्ही तो सरळ करून घेतला, आरसा नवा बसवला आणि विषय संपला. गाडी चालवण्याच्या बाबतीत ह्यांच्यावर शंका घ्यायची आमच्या घरात पद्धतच नव्हती.

ही गाडी आमच्याकडं आली तेव्हा मुलगी नुकती रांगायला लागली होती. पुण्याच्या एका डॉक्टरांनी ती हौसेनं घेतली आणि कंबरदुखीमुळं लवकरच विकायला काढली. जपानी बनावटीची सेडान. लांबून बघितलं तर साधी चार दारांची, मागं डिकी असलेली घरगुती गाडी. पण जमिनीला चिकटून बसलेली, आणि आतलं इंजिन शर्यतीत पळणाऱ्या गाड्यांच्या घराण्यातलं. रंग गडद निळा. गल्लीत तिच्या मॉडेलचं नाव कुणाच्या तोंडी नीट बसलं नाही. सगळे तिला 'जपानी'च म्हणायचे. "साहेब, आज जपानी नाही काढली?" असं समोरचे काका विचारायचे आणि हे ओशाळल्यासारखे हसायचे.

हे फार कमी बोलणारे. वाळूजच्या कारखान्यात इंजिनिअर होते, मित्र मोजके, सणासमारंभात कोपऱ्यातली खुर्ची धरणारे. गाडीत बसले की मात्र माणूस बदलायचा. वेग होता, पण त्या वेगात धसमुसळेपणा नव्हता. माझ्या मांडीवरचा डबा कलंडायचा नाही. जालना रोड तेव्हा चिकलठाण्याच्या पुढं मोकळा होता, दोन्ही बाजूंना कडुलिंब, अधूनमधून एखादी बैलगाडी. रविवारी सकाळी आम्ही तिघं करमाडपर्यंत जायचो, तिथं भजी खायचो आणि परत यायचो. जाताना हे मुलीला इंजिनाचा आवाज ऐकायला लावायचे. "आता ती गिअर मागतेय. ऐकलंस?" मुलगी मान हलवायची. तिला बोलता यायच्या आधी गिअर कळायला लागले, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो.

दुसरा माणूस ज्याला ही गाडी कळायची तो म्हणजे चेलीपुऱ्यातला मिस्त्री. ह्यांच्याच वयाचा. पुढं पुढं कंपनीनं ते मॉडेल बंद केलं, सुटे भाग मिळेनात, तेव्हा ह्या दोघांची मैत्री घट्ट झाली. दिव्याची काच मुंबईच्या भंगार बाजारातून, रबरं हैदराबादहून, एकदा तर एक सेन्सर मिस्त्रीच्या मेहुण्यानं दुबईहून येताना कपड्यांत गुंडाळून आणला. सुट्टीच्या सकाळी बॉनेट उघडून दोघं चहाचे कप हातात घेऊन नुसतेच आत बघत उभे राहायचे. मी म्हणायचे, "विहिरीत बघितल्यासारखं काय बघता?" मिस्त्री म्हणायचा, "भाभी, विहिरीत आता काय उरलंय बघायला? इथं निदान तेल तरी आहे."

पुढं ह्यांनी वाळूज सोडलं आणि शेंद्र्याच्या एका कारखान्यात गेले. म्हणजे रोजचा जालना रोड. आणि नेमका तेव्हाच तो रस्ता बदलायला लागला.

मी नगररचनेच्या कचेरीत आरेखक होते. शहर वाढायचं ते आधी माझ्या टेबलावर वाढायचं. शेतीचा हिरवा रंग पुसून पिवळा भरायचा, गट नंबरांवरून नव्या रस्त्यांच्या दोन समांतर रेघा ओढायच्या. कागदावर हे काम शांत असतं. बाहेर मात्र झाडं पडत होती, दुभाजक उठत होते, पूल चढत होते, आणि ज्या वस्त्यांना मी पिवळा रंग देत होते तिथं टँकरच्या रांगा लागत होत्या. नळाला आठवड्यातून एखाद्या दिवशी पाणी यायचं. गल्लीत बोअरची गाडी येऊन उभी राहिली की दिवसभर तिची घरघर ऐकू यायची, आणि शेवटी पाण्याऐवजी पांढरी भुकटी उडायची. ती सगळ्यांच्या घरात, कपड्यांवर, पानांवर बसायची. सकाळी आभाळ मळकट पिवळं असायचं आणि दुपारी त्या पिवळेपणाला धार यायची.

गाडी धुणं केव्हाच बंद झालं होतं. ओल्या फडक्यानं पुसली तरी शेजाऱ्यांच्या नजरा लागायच्या. त्यामुळं समोरच्या काचेवर कायम धुळीचा थर. हे डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "काच मळलीय." नंतर नंतर ते वाक्य मला इतक्यांदा ऐकू यायला लागलं की मीच एक दिवस प्यायच्या पाण्यातलं भांडंभर पाणी घेऊन काच लख्ख केली. दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात निघालो. कोपऱ्यावर एक सायकलवाली मुलगी डावीकडून अगदी जवळून गेली, हे दचकले आणि म्हणाले, "काच किती मळलीय बघ."

मी काचेकडं बघितलं. त्या दिवसापासून मी ह्यांच्याकडं बघायला लागले.

बघायला लागल्यावर दिसायला लागलं. जेवताना डावीकडं ठेवलेली वाटी ह्यांच्या कोपरानं पडायची. मी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या, हे त्यांवरून सरळ चालत गेले आणि पायाखाली कुरकुर वाजल्यावर थांबले. बॅडमिंटन गुडघ्याच्या नावाखाली बंद झालं, पण जिना हे तरातरा चढायचे. मी डाव्या बाजूनं खोलीत आले की त्यांना कळायचं नाही. बोलले की दचकायचे. आणि कामावर लवकर निघायला लागले, रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत. विचारलं तर म्हणायचे, "ऊन व्हायच्या आत गेलेलं बरं. गाडी जुनी झाली."

एक गोष्ट मात्र मला त्या काळात आवडली होती. हे माझ्या कामात रस घ्यायला लागले. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, आणि आता जेवताना रोज विचारायचे, "चिकलठाण्याच्या पुढचा वळायचा कट बंद होणार का गं? दुभाजक कुठून सुरू होतोय? सर्व्हिस रोड कुठल्या बाजूला?" मी ताटाशेजारी चमचे मांडून दाखवायचे. हा पूल, हा कट, इथं उतार, इथं डावीकडून नवा रस्ता येऊन मिळणार. हे मान खाली घालून चमच्यांकडं बघत राहायचे, मग बोटानं एकेक चमचा चाचपायचे. "परत एकदा सांग," म्हणायचे. मुलगी तेव्हा कॉलेजात होती. ती म्हणायची, "बाबा, परीक्षा आहे का तुमची?"

तो पावसाळाही कोरडा गेला. एका शनिवारी मिस्त्रीनं मला कचेरीबाहेर गाठलं. तो आजवर कधी माझ्या कचेरीत आला नव्हता. स्कूटर लावून झाडाच्या उरल्यासुरल्या सावलीत उभा होता.

"भाभी, एक बोलू का? राग मानू नका."

"बोला ना."

"साहेबांचे डोळे दाखवलेत का कुणाला?"

तो हळूहळू सांगत होता. हे ब्रेक तपासायला गाडी घेऊन गेले होते आणि मिस्त्री शेजारी बसला होता. शहागंजकडून येताना डावीकडं एक हातगाडी उभी होती, केळ्यांची, एवढी मोठी. मिस्त्रीनं स्टिअरिंगला हात घातला नसता तर गाडी तिच्यात गेली असती.

"मी बोललो, साहेब, काय करता? तर बोलले, गाडी डावीकडं ओढतेय, अलाइनमेंट बघ. मी बघितलं भाभी. गाडीत काय बी नाय. गाडी सरळ चालते." त्यानं स्कूटरच्या सीटवरची धूळ हातानं पुसली. "मी ती चावी ठेवून घेणार होतो. पण कसं ठेवू? त्यांची गाडी, त्यांचा हात. माझा दोस्त आहे तो."

घरी आल्यावर मी विचारलं. आडवळणं न घेता विचारलं, "तुम्हाला डावीकडचं दिसतं ना?"

हे हसले. "मिस्त्री आला होता वाटतं."

"मी विचारतेय त्याचं उत्तर द्या."

"अगं, दिसतं. वय झालं, थोडं कमी दिसत असेल. उद्या करमाडला वास्तुशांतीला जायचंच आहे. शेजारी बस आणि बघ."

हे इतक्या सहज म्हणाले की मला स्वतःचीच लाज वाटली. तरी उत्तर पटलं नव्हतं. बघायचंच म्हणून मी दुसऱ्या दिवशी शेजारी बसले. मुलीला परीक्षेचा अभ्यास होता, ती घरी राहिली.

दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावर डांबर वितळून चकाकत होतं आणि लांबवर पाण्यासारखं काहीतरी हलत होतं. मी ह्यांच्याकडंच बघत होते. पण गाडी सुरेख चालली होती. पुलावर चढताना गिअर खाली, उतरताना पाय अलगद वर, कट यायच्या आधी वेग आपोआप कमी, सर्व्हिस रोड जिथं येऊन मिळतो तिथं बरोबर उजवीकडं सरकणं. मी सैल झाले. चिकलठाणा मागं पडलं. मिस्त्री उगाच घाबरला, असं मनात म्हटलं. मग माझ्या लक्षात आलं की ह्यांची मान अजिबात वळत नाहीये. आरशात बघायला नाही, बाजूला बघायला नाही. आणि ओठ हलताहेत. मी कान दिला. हे पुटपुटत होते, "कट. उतार. डावीकडून रस्ता. आता सरळ. आता सरळ."

ते माझे चमचे होते.

मी म्हटलं, "अहो, बाजूला घ्या. गाडी थांबवा."

"का?"

"थांबवा आधी."

"पुढं थांबवतो. इथं साइडपट्टी कच्ची आहे."

शेंद्र्याच्या पुढं एका वस्तीसमोर टँकर उभा होता, रस्त्याच्या डाव्या अंगाला, खालच्या कच्च्या रस्त्यावर. वस्ती उजवीकडं. टँकरपर्यंत जायला लांबून वळसा पडायचा म्हणून लोकांनीच दुभाजक फोडून मधून वाट केली होती. आठवडाभरापूर्वी ती तिथं नव्हती. माझ्या कचेरीतल्या नकाशात ती असायचं कारण नव्हतं, ह्यांच्या पाठांतरातही नव्हती. मला लांबून रंगीत घागरी दिसल्या, बायका दिसल्या, आणि डावीकडच्या कच्च्या रस्त्यावरून मोपेडवर दोन्ही बाजूंना भरलेले निळे कॅन बांधून एक म्हातारा माणूस वर चढताना दिसला. तो आमच्याकडं बघत होता. आम्ही थांबू अशी त्याची खात्री होती, कारण आम्ही त्याला स्पष्ट दिसत होतो आणि त्याला वाटलं, तोही आम्हाला दिसतोय.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. ह्यांनी ब्रेक मारला, पण कुणासाठी मारायचा ते त्यांना कळलं नव्हतं, आणि गाडी ज्या बाजूला जायला नको त्या बाजूला फिरली.

आवाज फार मोठा झाला नाही. पत्र्यावर काहीतरी आपटलं, एक कॅन फुटला आणि काचेवर पाणी आलं. इतक्या दिवसांनी त्या काचेवर एवढं पाणी मी बघितलं आणि क्षणभर मला काही समजेना. मग धूळ धुतली जाऊन काच स्वच्छ झाली आणि पलीकडं तो माणूस रस्त्यावर पडलेला दिसला, एक पाय नको तसा वळलेला.

लोक धावत आले. बायका ओरडत होत्या. कुणीतरी त्या माणसाचं डोकं मांडीवर घेतलं. तो शुद्धीवर होता, कण्हत होता. एका दणकट माणसानं ह्यांचं दार उघडून त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं.

"दिसत नाय का? आंधळा हाय का रं तू?"

मी पलीकडून धावत येत होते. मला वाटलं, आता हे काच, ऊन, गाडी, काहीतरी सांगतील. हे ताठ उभे राहिले. चष्मा नाकावरून घसरला होता तो सरळ केला नाही.

"हो," हे म्हणाले. "मला डावीकडचं दिसत नाही. बऱ्याच दिवसांपासून दिसत नाही."

त्या माणसाचा हात उगारलेलाच राहिला. गर्दीतला गलका खाली बसला. मारायला आलेल्या लोकांना आता काय करावं ते समजेना. एक बाई माझ्याकडं बघून म्हणाली, "आन तुमी बसता व्हय ह्याच्या शेजारी?" रस्त्यावर सांडलेलं पाणी तोवर डांबरानं पिऊन टाकलं होतं, नुसता ओलसर डाग उरला होता, आणि तोही काठाकाठानं वाळत होता.

त्या माणसाला दवाखान्यात न्यायला गाडी हवी होती आणि तिथं आमचीच होती. मला चालवता येत नव्हती. गर्दीतून एक काळी-पिवळी जीप चालवणारा पुढं आला, त्यानं ह्यांच्याकडून चावी घेतली. हे मागच्या सीटवर बसले, त्या माणसाचा पाय मांडीवर धरून. इतक्या वर्षांत हे स्वतःच्या गाडीत मागं कधी बसले नव्हते. जीपवाला गिअर खरवडून टाकत होता. हे वाकून तो पाय सावरत होते. तो म्हातारा माणूस अधूनमधून म्हणायचा, "माझी मोपेड उचलून ठेवा म्हणावं. अजून एक खेप राहिलीय. टँकर जाईल." निवृत्त कंडक्टर होता, घरी बायको आणि तो. मांडीचं हाड मोडलं होतं.

पोलीस ठाण्यात ह्यांनी सगळं स्वतःहून सांगितलं. खटला चालला, शिक्षा झाली, लायसन्स गेलं. त्या सगळ्याला वेळ लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांना मात्र एका बैठकीत कळलं. काचबिंदू. डाव्या डोळ्याची कडेची नजर जवळजवळ संपली होती आणि उजवा त्याच वाटेवर होता. मी डॉक्टरांना विचारलं, "इतकं गेलं तरी माणसाला कळत कसं नाही?" ते म्हणाले, "त्या जागी काळं दिसत नाही, बाई. आजूबाजूला जे असेल तेच मेंदू तिथं पसरवतो. रस्ता असेल तर रिकामा रस्ताच दिसतो."

रिकामा रस्ता. त्यानंतर कित्येक दिवस डोळे मिटले की मला तो दिसायचा.

पण ह्यांना कळलं होतं. घरी आल्यावर हे बिछान्याच्या कडेला बसून बोलले, लग्नानंतर पहिल्यांदाच इतकं सलग. वाळूज सोडताना तपासणी झाली होती, तेव्हाच सांगितलं होतं. थेंब दिले होते. ते कारखान्यातल्या खणात असायचे, आठवण झाली तर घालायचे. "गाडी सोडा म्हणाले होते," हे म्हणाले. "मी म्हटलं, सोडतो. मग विचार केला, नव्या रस्त्यावर नाही जाणार. पाठ आहे तेवढाच चालवीन. तर तो रस्ताच दर महिन्याला नवा व्हायला लागला."

"मला का नाही सांगितलंत?"

हे म्हणाले, "दादांना बघितलं होतंस ना तू?"

दादा म्हणजे माझे सासरे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले असायचे, चेहरा उजेडाकडं. मोतीबिंदू बिघडला असं सगळ्यांना सांगितलं होतं, मलाही. पाहुणे आले की ते आवाजाच्या दिशेनं हसायचे, आणि पाहुणा जागेवरून उठून गेला असला तरी हसतच राहायचे. "तो मोतीबिंदू नव्हता," हे म्हणाले. "त्यांच्या वडिलांचंही तेच झालं होतं. आमच्यात हे बोलत नाहीत."

ह्यानंतर हे त्या कंडक्टरला भेटायला दर रविवारी जायला लागले. मी एस.टी.त बसवून द्यायचे, तिकडं कुणीतरी उतरवून घ्यायचं. फळं न्यायचे, बसायचे, यायचे. काही महिन्यांनी एकदा मीही बरोबर गेले. ते गृहस्थ आता काठी घेऊन चालत होते. त्यांनी चहा दिला, बसवलं, माझ्याशी पावसापाण्याचं बोलले. निघताना ह्यांना म्हणाले, "साहेब, एक सांगतो. दर रविवारी येऊ नका. तुमी चांगले मानूस हायत, पन तुमी आलात की माजा पाय ठनकतो." हे मान हलवून उठले. परत कधी गेले नाहीत. त्या दिवशी एस.टी.त हे खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून बसले होते. मला वाटलं झोपलेत, पण डोळे उघडे होते.

गाडी विकायची असं मी ठरवलं होतं. मिस्त्रीनं दुरुस्त करून अंगणात आणून लावली आणि म्हणाला, "विकायची तर विका भाभी. पण साहेबांना दवाखान्यात न्यायला काहीतरी लागेलच ना." त्यानंच मला शिकवलं, बायपासच्या पलीकडच्या मोकळ्या प्लॉटांवर, जिथं माझ्याच हातानं कधीतरी पिवळा रंग भरलेला होता. पन्नाशी जवळ आली होती माझी. ती गाडी नवशिक्यासाठी नाही. क्लच कडक, इंजिन उतावळं. पहिले काही आठवडे रात्री पोटरीत गोळे यायचे. पण आली. मग मीच चालवायला लागले, कचेरीत, बाजारात, दर काही महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडं. हे डावीकडं बसायचे, हात मांडीवर. फक्त मी गिअर टाकायला उशीर केला की बोटं किंचित हलायची.

पाऊस एक दोन वर्षं बरा झाला, मग परत टँकर सुरू झाले. शहर करमाडच्या दिशेनं सरकत राहिलं, त्याचं नावही बदललं. ह्यांच्या नजरेचं वर्तुळ लहान होत होत आता बांगडीएवढं राहिलंय, असं हे सांगतात. त्या बांगडीतून माझा चेहरा दिसतो, पण एका वेळी एकच भाग. हे तक्रार करत नाहीत. ते गप्प बसणं मला तक्रारीपेक्षा जड जातं.

मुलगी पुण्याला नोकरीला लागली. तिला डोळे तपासून घे म्हणून मी किती वर्षं सांगत होते. "आई, मला घारीसारखं दिसतं," असं म्हणून ती टाळायची. तिला आजोबांबद्दल, पणजोबांबद्दल खरं काय ते तिच्या बाबांनी स्वतः सांगावं असा मी हट्ट धरला. मागच्या दिवाळीत ह्यांनी सांगितलं. ती ऐकत बसली. पुण्याला गेल्यावर तिनं तपासून घेतलं आणि मला फोन केला. आवाज अगदी सरळ होता.

"दोन्ही डोळ्यांत प्रेशर वाढलंय. नजर अजून पूर्ण आहे. थेंब रोज, आणि दर सहा महिन्यांनी यायचं म्हणाले."

"थेंब घालतेस ना?"

"घालते गं. सगळ्यांसमोर घालते, ऑफिसातसुद्धा."

मला हायसं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले आणि दूध उतू गेलं.

ती परवा आली होती. सकाळी चहा झाल्यावर म्हणाली, "बाबा, जपानी नेऊ का मी पुण्याला? आई आता रिक्षानं जाते बहुतेकदा. इथं नुसती उभी राहून टायर जातील."

ह्यांचा चेहरा आवाजाच्या दिशेनं वळला. उजळला म्हटलं तरी चालेल. हे म्हणाले, "एक चक्कर मारून ये आधी. क्लच कुठं पकडतो ते बघ. मी येतो शेजारी."

मी म्हटलं, "मी मागं बसते."

"तू कशाला आई? इथंच तर जातोय."

तिनं तेवढ्यात पर्समधून थेंबांची बाटली काढली, मान मागं टाकून एकेक थेंब घातला, डोळे मिटून क्षणभर थांबली आणि उघडले. मग बापाला हाताला धरून गाडीत बसवलं. मी काही न विचारता मागचं दार उघडलं आणि आत बसले, मधोमध, दोन्ही सीटांच्या फटीतून समोरचा सगळा रस्ता दिसेल अशी. मुलीनं आरशातून माझ्याकडं बघितलं. मग गाडी सुरू केली, आणि मी डावीकडं बघायला सुरुवात केली.